जुनी गाडी, रोजचा घाट

"एवढी जुनी गाडी घेऊन रोज परशुराम घाट उतरतेस, भीती नाही वाटत?" गेल्या अडीच वर्षांत हा प्रश्न मला शाळेतल्या सहकारी बाईंपासून लग्नात भेटलेल्या लांबच्या फुफूंपर्यंत सगळ्यांनी विचारला आहे. पहिले दोन महिने भीती वाटायची, आणि ती वाटायलाच हवी होती. आता वाटत नाही. मध्ये काय झाले ते सांगते, कारण आपल्यापैकी बऱ्याच घरांत आज जुनी गाडी घेण्याचा विचार चालू असतो आणि सल्ले मात्र गाडी घेईपर्यंतचेच मिळतात. घेतल्यानंतर तिचे काय करायचे, हे कोणी सांगत नाही.

आमचे गाव लोट्याजवळ, महामार्गापासून तीन किलोमीटर आत. माझी शाळा चिपळूणला, सकाळच्या सत्रातली. पूर्वी मी रिक्षा आणि एसटी करत जायचे. उशीर व्हायचा, पण निभायचे. मग २०२३ च्या सुरुवातीला अम्मांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा चिपळूणला डायलिसिस ठरले. एसटीची पायरी त्यांना चढवत नाही. भाड्याची गाडी एका फेरीचे दीड हजार घ्यायची. महिन्याचे बारा हजार नुसते येण्याजाण्यात. मुलांचे अब्बा कुवेतला असतात. फोनवर हिशोब मांडून ते म्हणाले, "गाडीच घे. चालवायला शिकलीच आहेस."

शिलकीत दीड लाख होते. नव्या गाडीसाठी कर्ज काढले की व्याज आले, आणि ते घ्यायचे नाही हे आमच्या घरात आधीपासून ठरलेले. म्हणून जुनी गाडी, रोखीने.

पहिली गाडी माझ्या मनात भरली ती चिपळूणचीच. सात वर्षांची, पांढरीशुभ्र, आतून नव्यासारखी. किंमत १,४५,०००. बाजारभावापेक्षा बरीच कमी. मी जवळजवळ बयाणा देऊन टाकला होता. गावातल्या मिस्त्री चाचांना नुसते दाखवायला नेले. पस्तीस-चाळीस वर्षे गॅरेज चालवणारा हा माणूस फार बोलत नाही. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला. शेवटचा हातभर भाग मातकट, कडक झालेला. मग सीट मागे सरकवून तिच्या रुळाचे बोल्ट पाहिले, गालिचाचा कोपरा उचलला, डिकीतल्या जादा चाकाच्या खोबणीत बोट फिरवले. बोटाला बारीक सुकलेला गाळ लागला. "वाशिष्ठीत आंघोळ झालीय हिची," एवढेच म्हणाले.

२२ जुलै २०२१ चा पूर चिपळूणकरांना वेगळा सांगायला नको. त्या पाण्यात बाजारपेठेतल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही भंगारात गेल्या, तर काही धुवून, पुसून, नवी सीटकव्हर घालून पुन्हा रस्त्यावर आल्या. पाण्यात बुडालेली गाडी लगेच दगा देत नाही, हीच तिची खोड. तारांच्या जोडांत शिरलेली ओल महिनोन्महिने आतून गंज धरते, आणि मग एके दिवशी दिवे जातात, दुसऱ्या दिवशी गाडी चालू होत नाही, तिसऱ्या दिवशी पंखा बंद पडतो. प्रत्येक वेळी दोष नवा. मिस्त्रीला मूळ सापडत नाही, कारण मूळ एका जागी नसतेच. नदीकाठच्या किंवा खाडीकाठच्या शहरातून गाडी घेणाऱ्यांनी पट्टा, सीटचे रूळ, गालिचाखालचा पत्रा आणि हेडलाइटच्या आतली पाण्याची रेघ एवढे तरी पाहावेच. अत्तराचा फार वास येत असेल तर दोनदा पाहावे.

चाचांनी दुसरी गोष्ट सांगितली ती मला तेव्हा पटली नव्हती. "दीड लाख आहेत ना? मग गाडी एक लाखाची बघ. उरलेले तिला लागतील."

शेवटी गाडी मिळाली ती रत्नागिरीच्या एका निवृत्त गृहस्थांची. २०११ ची, आठशे सीसीची, तीन सिलिंडरची छोटी पेट्रोल गाडी. ५२,००० किलोमीटर चाललेली. १,०५,००० ला ठरली. बारा वर्षांत फक्त ५२,०००! मी खुशीत होते. चाचा नव्हते. त्यांचे म्हणणे, गाडी चालून जेवढी झिजते, तेवढीच उभी राहूनही बिघडते. आणि ही शेवटची चार वर्षे जवळजवळ उभीच होती.

हे नीट समजून घेण्यासारखे आहे. इंजिनातले लोखंड वर्षांनी फारसे म्हातारे होत नाही. म्हातारे होते ते रबर. पाण्याचे होज, पेट्रोलच्या नळ्या, टायमिंग बेल्ट, ब्रेकची वायसरे, टायर, सस्पेन्शनचे बुश. या सगळ्यांचे वय किलोमीटरने मोजून भागत नाही. गाडी दारात उभी असली तरी ऊन, दमट हवा आणि काळ त्यांचे काम करतच असतात. दुसरे म्हातारे होतात ते द्रव. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. कूलंटमधले गंज रोखणारे द्रव्य संपते. टाकीतले पेट्रोल शिळे होते. तेव्हा "कमी चाललेली" हे शब्द ऐकून हुरळून जायचे नाही. त्यापेक्षा एक लाख किलोमीटर चाललेली पण दर वर्षी वेळेवर सर्व्हिस झालेली गाडी पुष्कळदा बरी. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर दिला की जुन्या कामांची नोंद सहसा मिळते. तिथला किलोमीटरचा आकडा आणि गाडीच्या मीटरवरचा आकडा ताडून पाहिला की मीटर मागे फिरवला आहे का तेही कळते.

चाचांनी कागदाच्या कपट्यावर यादी लिहून दिली. तिचा क्रम त्यांनी ज्या कारणाने लावला होता ते मला फार पुढे कळले. आधी गाडी थांबली पाहिजे. मग ती तापता कामा नये. मग ती सकाळी सुरू झाली पाहिजे. बाकी सगळे, म्हणजे डेंट, रंग, एसी, गाणी, त्यानंतर.

ब्रेकचे काम मी लगेच केले. पुढे डिस्क, मागे ड्रम. मागचे ड्रम उघडले तर एका चाकाचा ब्रेक सिलिंडर पाझरत होता आणि ब्रेक ऑइल काळ्या चहासारखे झाले होते. नवे ऑइल पिवळसर, जवळजवळ पारदर्शक असते. हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे लागते, ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली. घाटातल्या लोकांना तर ती माहीत हवीच. ऑइलात ओल शिरली की त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो. उतारावर सारखा ब्रेक दाबला की ते तापते, ओलीची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल भुसभुशीत होऊन खाली जाते. सकाळी मी लोट्याकडून चिपळूणला उतरते. म्हणजे सकाळी परीक्षा ब्रेकची, दुपारी परत चढताना इंजिनाची. दोन्ही सिलिंडर, शू, पुढचे पॅड, नवे ऑइल असे मिळून चार हजार सहाशे लागले. शिवाय चाचांनी मला घाटात दुसऱ्या गियरवर उतरायला शिकवले. इंजिनच गाडीला धरून ठेवते, ब्रेकला अधूनमधूनच त्रास द्यायचा.

टायमिंग बेल्टही बदलला. हा दातेरी रबरी पट्टा इंजिनाच्या आत झाकलेला असतो, त्यामुळे दिसत नाही आणि आठवतही नाही. तो तुटला तर गाडी जिथे असेल तिथे बंद, आणि काही इंजिनांत आतले व्हॉल्व्ह वाकून खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. तुमच्या गाडीला बेल्ट आहे की चेन, हे विकत घेतानाच विचारा. चेन असेल तर ही काळजी पुष्कळ कमी. बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याचा पुरावा नसेल, तर बदललेलाच नाही असे धरून चाला. आमचा बारा वर्षांचा निघाला. पाठीवर बारीक चिरा.

टायर चारही नवे घेतले. जुन्यांची नक्षी उत्तम होती म्हणून मी हुज्जत घातली. चाचांनी टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर होते २६११, म्हणजे २०११ चा सव्विसावा आठवडा. हुज्जत संपली.

इथपर्यंत सत्तावीस हजार गेले होते. यादीत पुढे होते: रेडिएटर, होज, कूलंट, थर्मोस्टॅट. आणि इथे मी शहाणपणा केला. गाडी तर तापत नव्हती. काटा मध्यावरच असायचा. मग न बिघडलेल्या गोष्टीवर सहा हजार कशाला? त्यापेक्षा मी सीटकव्हर बसवली, गाण्यांचा प्लेयर घेतला, मागे बघायचा कॅमेरा लावला. सात हजार. अम्मा म्हणाल्या, "माशाअल्लाह, अगदी नवी वाटते."

ऑक्टोबरमध्ये एका गुरुवारी डायलिसिस आटोपून आम्ही परत निघालो. दुपारचा एक वाजला होता. ऑक्टोबरचे ऊन, आणि घाटात त्या दिवशी एकेरी वाहतूक. गाड्या मुंगीच्या पावलाने वर सरकत होत्या. पहिला गियर, क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला. आधी एक गोडूस वास आला. मला वाटले बाहेरून येतोय. मग बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली आणि काटा पाहिला तर तांबड्यात.

त्या क्षणी मी एकच गोष्ट बरोबर केली. गाडी डाव्या कडेला घेतली आणि बंद केली. पुढे वळणावर सावली होती, "तिथपर्यंत नेऊ" असे मनात आले होते. तेवढे दोनशे मीटर नेली असती तर इंजिनाचे हेड वाकले असते, हे नंतर चाचांनी सांगितले. तांबड्यात गेलेल्या काट्यावर गाडी पुढे दामटणे हीच इंजिने जाण्याची मोठी वाट आहे.

डायलिसिस झालेल्या माणसाची अवस्था ज्यांच्या घरी ही बिमारी आहे त्यांना ठाऊक असेल. अंगात त्राण नसते, रक्तदाब उतरलेला असतो, आणि तहान लागली तरी पाणी मोजूनच द्यायचे. अम्मा मागच्या सीटवर डोळे मिटून पडल्या होत्या. ओठ हलत होते, दुरूद पढत असाव्यात. मी त्यांच्यावर ओढणीने वारा घालत होते आणि मनात त्या कॅमेऱ्याला आणि सीटकव्हरांना शिव्या देत होते.

मागच्या ट्रकचा चालक उतरून आला. बॉनेट उघडले, पण रेडिएटरच्या झाकणाला मला हात लावू दिला नाही. त्याने सांगितलेले कारण प्रत्येक बाईला कळेल. रेडिएटर म्हणजे प्रेशर कुकर. आत दाब असतो म्हणून पाणी शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. शिट्टी न काढता कुकर उघडला तर जे होते तेच इथे होते, तोंडावर. चाळीस मिनिटे थांबलो. त्याने अम्मांना ट्रकच्या सावलीत चटईवर बसवले. मग जाड फडके घेऊन झाकण अर्धे फिरवले, उरलेला दाब जाऊ दिला, नंतर पूर्ण काढले. वरचा रबरी होज टोकाशी फाटला होता. चाकूने त्याने दीड इंचाचा फाटका तुकडा कापून टाकला, उरलेला होज ओढून पुन्हा बसवला, क्लिप आवळली आणि आमच्याजवळचे सगळे पिण्याचे पाणी आत ओतले. एसी बंद, हिटर पूर्ण चालू ठेवायला सांगितले. हिटर चालू ठेवला की इंजिनाची थोडी उष्णता गाडीच्या आत येते. ऑक्टोबरच्या दुपारी ती आमच्या तोंडावर येत होती, पण काटा मध्यावर राहिला. काट्यावर नजर ठेवून लोटे गाठले. पैसे दिले तर घेतले नाहीत. अम्मांनी त्याला जी दुआ दिली ती मला सगळी आठवते.

चाचा रागावले नाहीत. रेडिएटर उतरवला आणि त्यातले पाणी मला तसराळ्यात दाखवले. विटकरी रंगाचे. आधीच्या मालकांनी वर्षानुवर्षे विहिरीचे साधे पाणी भरले होते. साध्या पाण्याने आत गंज आणि क्षार धरतात, रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदतात. सपाट रस्त्यावर अर्ध्या नळ्यांवर काम भागते. घाट, ऊन आणि संथ वाहतूक एकत्र आली की भागत नाही. काटा मध्यावर असणे म्हणजे सगळे ठीक असणे नव्हे. तो फक्त एवढेच सांगतो की आत्ता, या घडीला निभतेय.

आणखी एक गोष्ट निघाली. थर्मोस्टॅट कोणीतरी काढून टाकला होता. इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारी ही छोटी झडप. आपल्याकडे गाडी तापायला लागली की कित्येक गॅरेजवाले ती काढून फेकतात आणि "आता नाही तापणार" म्हणतात. मग इंजिन योग्य तापमानाला लवकर पोहोचतच नाही, पेट्रोल जास्त जळते, आणि तापण्याचे खरे कारण तिथेच राहते. होज तिन्ही, थर्मोस्टॅट, रेडिएटरचे झाकण, पंख्याचा रिले, आतून सफाई आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेला कूलंट. एकूण ६,४००. त्यात झाकण सर्वांत स्वस्त, आणि कुकरच्या रिंगेसारखेच ते ढिले झाले की दाब धरत नाही.

पंखा चालतो का हे घरी बघता येते. गाडी सुरू करून उभी ठेवायची आणि काटा मध्यावर येऊन थोडा वेळ गेला की समोर रेडिएटरचा पंखा आपोआप फिरू लागला पाहिजे, थोड्या वेळाने थांबला पाहिजे. बहुतेक गाड्यांत एसी लावला की तो लगेच फिरतो. फिरला नाही तर घाटात जायचे नाही, मिस्त्रीकडे जायचे.

त्या दिवसानंतर मी यादीला उलट उत्तर केले नाही. बॅटरी बदलली. चालू होत होती, पण पाच वर्षांची होती आणि मीटर लावला तर गाडी बंद असताना बारा व्होल्टच्या जेमतेम वर. चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, आणि इंजिन चालू असताना साधारण १४. चालू असतानाही तेरा-साडेतेराच्या खाली राहत असेल तर दोष बॅटरीचा नाही, अल्टरनेटरचा किंवा त्याच्या सैल पट्ट्याचा. हे न पाहता नवी बॅटरी घेणारे महिन्याने पुन्हा ढकलत असतात.

पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलल्या. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. २०११ च्या गाड्या त्याचा विचार करून बनवलेल्या नाहीत. जुन्या रबराला ते लवकर कडक किंवा मऊ करते. नव्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या मिळतात, महाग नसतात. सकाळी गाडीजवळ पेट्रोलचा वास आला तर "जुन्या गाडीला येतोच" म्हणून सोडू नये. तो वास म्हणजे आगीची पूर्वसूचना. आणि टाकी कायम तळाला ठेवून चालवायची सवय ज्यांना आहे त्यांनी ती सोडावी. टाकीतला पेट्रोल पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, पण हे गाडीइतकेच महत्त्वाचे. पैसे देण्याआधी नंबरवरून दंडाची थकबाकी आणि गाडीवर बँकेचा बोजा आहे का ते पाहा. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज करा. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो, त्यामुळे तो विकणाऱ्याकडेच राहतो आणि फरकाची रक्कम आपल्याला भरावी लागते. आणि ज्यांनी आपली जुनी गाडी ओळखीत, नुसत्या विश्वासावर, नाव न बदलता दिली असेल त्यांनी सावध व्हावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याच्या लेखी मालक तोच. अपघात झाला तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येईल, गाडी कोणीही चालवत असो. आपल्यात "भाऊच आहे, कागद नंतर करू" फार चालते.

आता माझी पद्धत सांगते. गाडीच्या कप्प्यात एक शंभरपानी वही आहे. तिच्यात तारीख, किलोमीटर आणि काय केले एवढेच. दर शुक्रवारी सकाळी, इंजिन थंड असताना, दहा मिनिटे. ऑइलची पट्टी काढून पुसून पुन्हा बघायची. कूलंटच्या बाटलीतली पातळी दोन रेघांमध्ये आहे ना. टायरची हवा, जादा चाकाचीही. दिवे भिंतीवर मारून बघायचे. आणि गाडी जिथे उभी होती तिथली जमीन. ही शेवटची सवय सर्वांत कामाची. ऑइलचा काळा डाग, कूलंटचा हिरवा किंवा तांबडा, चाकाच्या आतून ब्रेक ऑइलचा. एसीच्या पाण्याचा डाग मात्र निर्धास्त सोडून द्या. मागच्या वर्षी दुसरा ब्रेक सिलिंडर पाझरू लागलेला मला जमिनीनेच सांगितला, पेडलने सांगायच्या आधी.

महिन्याला दीड हजार रुपये गाडीच्या डब्यात पडतात, खर्च असो वा नसो. भाड्याचे बारा हजार वाचले, त्यातले पेट्रोल सोडून हे काहीच नाही. वर्षाच्या अठरा हजारांत इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग, एखादा बुश, पावसाळ्याआधीचे वायपर आणि एक मोठे काम असे सगळे बसते. मोठे काम आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत करतो. गाडी चार दिवस गॅरेजला ठेवता येते आणि पावसाच्या आधी होते.

कोकणात पत्र्याकडेही बघावे लागते. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी भोके असतात. त्यात पालापाचोळा अडकला की दरवाजा आतून कुजतो. काडी घालून ती मोकळी करणे मुलांचे काम आहे, त्यांना आवडतेही. उंदरांचा मात्र इलाज सापडलेला नाही. दोनदा तारा कुरतडल्या. कोणीतरी बॉनेटखाली तंबाखूची पुडी ठेवायला सांगितली. उंदीर पुडीही घेऊन गेले.

पावसाळ्यात एक नियम आमच्या घरात अगदी पक्का आहे. रस्त्यावरचे पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत दिसले की गाडी वळवायची. आणि पाण्यात बंद पडली तर पुन्हा सुरू करून बघायचे नाही, ढकलून बाहेर काढायची. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल तर चावी फिरवताच आतला दांडा वाकतो. शाळा एक दिवस बुडाली तर चालते, डायलिसिसचा दिवस डॉक्टरांना फोन करून बदलता येतो.

डिकीत पाच लिटर पाणी असते, कूलंटची बाटली, एक जादा होज, दोन क्लिपा, स्क्रू ड्रायव्हर, चाकू, फ्यूज, पंख्याचा पट्टा, बॅटरी जोडायच्या तारा, टॉर्च आणि एक चटई. गेल्या उन्हाळ्यात भोस्ते घाटात एक कुटुंब बॉनेट उघडून उभे होते. मुलगा झाकणाकडे हात नेत होता. मी गाडीतूनच ओरडले. नंतर माझी क्लिप त्यांच्या कामी आली.

आजवर या गाडीने माझ्याकडे अठ्ठावीस हजार किलोमीटर केले. त्या ऑक्टोबरनंतर रस्त्यात एकदाच थांबली, तीही पंक्चरने. पण ती कायमची नाही, हे मला कळते. २०११ ची असल्यामुळे या नोव्हेंबरमध्ये नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण होतात. महाराष्ट्रात नोंदणी पाच वर्षांनी वाढवता येते. त्यासाठी गाडी आरटीओला दाखवावी लागते, फी आणि हरित कर भरावा लागतो. करावे की नाही, हा प्रश्न मुलांच्या अब्बांनी आत्ताच काढला आहे. मी चाचांना विचारले. त्यांनी गाडी उचलून खालचा पत्रा हातोडीने ठिकठिकाणी ठोकून पाहिला. इंजिन, गियर, ब्रेक सगळे पैसे टाकले की नवे होते, पण खालचा मूळ सांगाडा गंजला तर तिथे थांबायचे, त्यावर पैसे घालायचे नाहीत, असा त्यांचा हिशोब. डाव्या बाजूला एके ठिकाणी आवाज बद्द आला. बाकी सगळीकडे खणखणीत.

"पावसाळ्यानंतर पुन्हा ठोकू," ते म्हणाले. तोपर्यंत मे महिन्यात पुढच्या सस्पेन्शनचे बुश आणि दोन वर्षे झाली म्हणून ब्रेक ऑइल. वहीत लिहून ठेवले आहे.